बत्तीस एकर माळ

ही गोष्ट दोन गावांची आहे. एका गावाने आपल्याकडचा कारखाना जाऊ दिला, दुसऱ्याने तोच कारखाना आपल्या माळावर बोलावून घेतला. गावे खरी आहेत, माणसेही खरी आहेत. गावात मोठा कारखाना येणार म्हटले की आजही आनंदाइतकीच धास्ती वाटते, म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकायला म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले हे पाहून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. सायकलींच्या व्यापारातून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तिथून लोखंडी नांगराकडे असा त्यांचा प्रवास झाला.

नांगर झाले, पण घेणार कोण? लोखंड लागले की जमिनीला विष चढते, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या शेतकऱ्यांना आज कुणी हसू नये. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या अवजाराला हात लावताना दहादा विचार करणारच. पण ज्याने एकदा तो नांगर काळ्या जमिनीत घातला, त्याला फरक दिसला. हरळी आणि कुंद्याची मुळे खोलवर जातात. लाकडी नांगर वरवर फिरे आणि तण पुन्हा उगवे. लोखंडी फाळ मुळापर्यंत जाऊन ते उपटून काढी. हळूहळू मागणी येऊ लागली.

आणि नेमक्या त्या वेळी जागा गेली.

बेळगावच्या नगरपालिकेला शहराची वाढ करायची होती, नवी वस्ती आखायची होती. किर्लोस्करांचा कारखाना त्या आखणीत येत होता. जागा रिकामी करा, असे सांगण्यात आले. यात नियमाविरुद्ध काही नव्हते. शहर वाढायला जागा लागते आणि ती मिळवणे हे नगरपालिकेचे कामच असते. चूक झाली ती पाहण्यात झाली. नकाशावर छपराची लांबी-रुंदी दिसते. छपराखाली कोण काय शिकतो आहे, ते दिसत नाही. त्या वेळी बेळगावात लोखंड वितळवू शकणारे, साचे करू शकणारे, यंत्र उघडून पुन्हा जोडू शकणारे कामगार एका ठिकाणी तयार होत होते. ती माणसे शहराची ठेव होती, आणि ती ठेव मोजायला नगरपालिकेच्या वहीत रकानाच नव्हता.

आता दुसरे गाव. औंध हे छोटे संस्थान, सारी मिळून बहात्तर गावे, आणि तीही एकत्र नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. बराचसा मुलूख अवर्षणाचा. पाऊस गेला की शेतसारा सोडावा लागायचा, आणि शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याला त्याचा अर्थ नीट कळत होता. १९०९ साली भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी तिथे गादीवर आले. चित्रकलेचे जाणकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, नव्या गोष्टींची हौस असलेला हा राजा. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. बेळगावची जागा जाणार हे कळल्यावर त्यांनी संस्थानातली जागा देऊ केली: कुंडलरोड रेल्वे स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ, आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी.

देणगी म्हणून पाहिले तर हे थोर औदार्य आहे. मला मात्र त्यात हिशेब दिसतो, आणि तो हिशेब औदार्याहून मोठा वाटतो. त्या माळावर निवडुंगाशिवाय काही नव्हते. सारा म्हणून त्यातून काय येत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणजे राजाने रयतेच्या तोंडचा घास काढून कारखान्याला दिला नाही. ज्यातून कुणालाच काही मिळत नव्हते ते दिले. शिवाय जागा निवडली ती स्टेशनाला लागून. ओतशाळेला कोळसा लागतो, बिडाचे लोखंड लागते, आणि तयार नांगर दूरवर जावे लागतात. ही सारी वजनदार चीज. बैलगाडीने पंधरा कोस वाहून न्यायची म्हटली तर भाड्यातच नफा संपेल. आगगाडी दाराशी असेल तरच माळावरचा कारखाना जगतो. आज एखादे गाव कारखान्याला जागा देताना गावाला नको असलेला कोपरा पुढे करते आणि मग उद्योग टिकला नाही म्हणून हळहळते. औंधच्या राजाने जमीन फुकट जाणारी दिली, पण ती मोक्याची होती.

१० मार्च १९१० हा त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीचा स्थापनेचा दिवस. बेळगावहून यंत्रे आली, सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले आली. मार्चचे ऊन, आडोसा नाही, पायाखाली निवडुंग, निवडुंगात साप. आधी माळ साफ करायचा, मग छप्पर उभारायचे, मग भट्टी पेटवायची. या निवडुंगाची आठवण त्या घरात इतकी खोल राहिली की लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी कितीतरी वर्षांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले. निवडुंग साफ झाला त्या जागी गुलाब फुलले. त्यासाठी रामूअण्णांनी घेतलेले कष्ट फार थोड्यांना ठाऊक आहेत. वाडीची आखणी त्यांची. कारखाना कुठे, घरे कुठे, रस्ता कसा जाईल, झाडे कुठे लागतील, हे सारे त्यांनी पाहिले. लक्ष्मणरावांनी यंत्रे उभी केली, रामूअण्णांनी गाव उभे केले, आणि या दोन कामांत दुसरे अधिक चिवट होते असे मला वाटते.

कारखाना आल्याने गावाच्या पैशाचे काय होते, हे एका घरातून पाहू. कुंडलच्या परिसरातले कुठलेही घर डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ, थोडी जिरायत जमीन, एक बैलजोडी. पाऊस चांगला झाला तर वर्षभर पुरेल एवढी ज्वारी. पाऊस गेला तर आधी सावकाराकडे जायचे, पुढच्या वर्षी बैल विकायचा, त्यापुढच्या वर्षी जमीन गहाण टाकायची. हा उतार त्या मुलखातल्या हजारो घरांनी पाहिला आहे. आता त्यांतला धाकटा भाऊ वाडीच्या कारखान्यात लागला. त्याचा पगार मोठा नसेल, पण तो ठरलेल्या दिवशी येतो, आणि आभाळाकडे न पाहता येतो. या एका गोष्टीने घराचे सारे गणित बदलते. दुष्काळाच्या वर्षी बैल विकावा लागत नाही. बैल राहिला म्हणून पुढच्या पेरणीला जमीन पडीक राहत नाही. सावकाराचे व्याज थांबते, आणि जे व्याजात जायचे ते पोराच्या पाटीपुस्तकाला उरते.

पण पगार त्या घरात थांबत नाही. पगार झाला की वाण्याकडची उधारी फिटते. वाण्याला रोकड मिळाली की तो अधिक माल भरतो. वाडीतल्या बाहेरगावच्या कामगारांना दूध हवे, भाजी हवी, ज्वारी हवी. ती आसपासच्या गावांतून येते. जी भाजी पूर्वी दूरच्या बाजारात न्यावी लागे आणि उरली तर फेकावी लागे, तिला आता दाराशी गिऱ्हाईक मिळते. शिंपी, चांभार, न्हावी, गवंडी, सगळ्यांच्या हाताला काम. स्टेशनावरून माल आणणाऱ्या गाड्यांना भाडे. कारखान्याने शंभर माणसांना पगार दिला तर पोट त्याहून कितीतरी अधिक माणसांचे चालते, ते असे. आणि थोरला भाऊ, जो अजून शेतात आहे, तो धाकट्याच्या पगारातून एक दिवस लोखंडी नांगर घेतो. कारखान्याचा माल कारखान्याच्याच पगारातून आसपासच्या शेतात जातो, शेत सुधारते, आणि शेतकरी वाडीकडे संशयाने पाहायचे सोडतो.

औंधच्या तिजोरीलाही अशीच बळकटी येते. फक्त शेतसाऱ्यावर जगणारे राज्य पावसाबरोबर गरीब-श्रीमंत होते. त्याच्या हद्दीत पावसाशी देणेघेणे नसलेली एक कमाई उभी राहिली की दुष्काळाच्या वर्षीही त्या भागातल्या माणसांच्या हातात काही असते. बाळासाहेबांनी ओगले बंधूंच्या काचकारखान्यालाही हात दिला, त्यावरून किर्लोस्करांना दिलेली मदत नुसत्या दोस्तीपोटी नव्हती, राज्य चालवण्याचा त्यांचा विचारच तसा होता, हे दिसते.

वाडीने माणसे घेताना पदव्या पाहिल्या नाहीत. पदवीवाले त्या माळावर आलेही नसते. शंभोअण्णा जांभेकर तिथले नावाजलेले यंत्रज्ञ झाले. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेले. ते कल्पक इंजिनिअर ठरले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता कारभार सांभाळू लागले. आणि रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कोण ठेवावे? तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसे. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्या हाती कारखान्याची दारे दिली. त्यांनी विश्वास राखला. औंध संस्थानानेही पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना बाळासाहेबांनी अमलात आणली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. माणसाला काम आणि विश्वास दिला तर तो सुधारतो, यावर त्या मुलखातल्या दोन कर्त्या माणसांची श्रद्धा होती, आणि दोघांनी ती कृतीत आणली.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० च्या सुमाराला हे बोलायला सोपे आणि करायला फार कठीण होते. याचा विचार करताना मला नेहमी ओतशाळा आठवते. साचा वाळूचा असतो, तो हाताने ठोकून बसवायचा. भट्टीतून लोखंडाचा रस डावात घ्यायचा, दोघांनी मिळून तो उचलायचा आणि एका धारेत साच्यात ओतायचा. मध्ये हात थरथरला, पावले चुकली, तर ओतीव फुकट जाते आणि कुणाचा तरी पाय भाजतो. त्या क्षणी समोरच्याची जात विचारायला फुरसत नसते. त्याचा हात स्थिर आहे का, एवढेच पाहायचे असते. गावाने शतकानुशतके जे वेगवेगळे ठेवले, ते भट्टीपुढे एकत्र उभे राहिले. कारखान्याने जात संपवली असे मी म्हणणार नाही, ती संपलेली नाही. पण शेजारी बसून जेवण्याची, एका रांगेत पगार घेण्याची सवय लागणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि रुपयाआण्यांच्या ताळेबंदात ती कुठेच येत नाही.

मग पहिले महायुद्ध आले. परदेशातून येणारे लोखंड आटले, कोळसा मिळेना. एकाच कारखान्यावर उभ्या असलेल्या वस्तीला अशा वेळी किती धोका असतो, हे वाडीला तेव्हा कळले. त्या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी झालेल्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. एका संस्थानाने माळ दिला, दुसऱ्याने तोफा दिल्या. दोघांनाही त्यातून लगेच काही मिळणार नव्हते.

१९२० साली कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक होते. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूप बदलले. पुढे त्याचे नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. बुवाबाजीवर, रूढींवर, स्त्रियांच्या कोंडमाऱ्यावर इतके रोखठोक लिहिणारी मासिके पुण्यामुंबईतून नव्हे तर कुंडलजवळच्या एका माळावरून निघत आणि महाराष्ट्रभर वाचली जात. नांगराच्या कमाईवर एक छापखाना उभा राहिला आणि त्या छापखान्याने मराठी मध्यमवर्गाची मने नांगरली. कारखाना आल्याचा असा लाभ कुठल्याही सामंजस्य करारात लिहिता येणार नाही.

१९२६ च्या सुमाराला वाडीत पंप होऊ लागले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आधीपासून होतीच. विहिरीचे पाणी उचलणारा पंप गावात आला की जिरायतीची बागायत होते. आज त्या परिसरात ऊस आणि द्राक्षांचे मळे दिसतात. त्याचे श्रेय कृष्णेच्या पाण्याला आहे, शेतकऱ्याच्या कष्टाला आहे. पाणी उचलणाऱ्या यंत्रालाही त्यातला वाटा द्यायला हवा.

इथवर गोष्ट उजळ आहे. पण वाडीत एक उणीव होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. वाडी कारखान्याची होती. रस्ते, पाणी, घरे, बागा सारे कारखान्याच्या मर्जीवर. मालक भला म्हणून वाडी भली. मालक तसा नसता तर दाद कुणाकडे मागायची? कारखान्याची मर्जी एक आणि गावाचा हक्क वेगळा. हक्क हवा असेल तर गावाची स्वतःची तिजोरी लागते आणि ती सांभाळणारी निवडून दिलेली माणसे लागतात.

त्यासाठी पिंपरी-चिंचवडकडे पाहायला हवे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, भोसरीत औद्योगिक वसाहत. चार गावांच्या ग्रामपंचायती एवढ्या मोठ्या कारखान्यांपुढे काय करणार होत्या? दिवाबत्ती आणि पाणीपट्टी यापलीकडे त्यांची धाव नव्हती. तेव्हा अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून एक नगरपालिका झाली. या एका निर्णयाने पैशाचा ओघ बदलला. कारखान्यात येणाऱ्या पोलादावर, सुट्या भागांवर जकात बसू लागली आणि ती थेट गावच्या तिजोरीत येऊ लागली. १९८२ साली तिथे महानगरपालिका झाली. देशातल्या श्रीमंत पालिकांत तिचे नाव घेतले जाऊ लागले. रुंद रस्ते झाले, उद्याने झाली, आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले, जिथे कारखान्यात कधी पाऊल न टाकलेला मजूरही उपचाराला जाऊ शकतो. कारखान्याचा पैसा कारखान्याबाहेरच्या माणसापर्यंत पोचला, तो नगरपालिकेच्या वाटेने पोचला.

पण त्याच शहरात पवना आणि इंद्रायणीचे पाणी फेसाळले. तुकोबांच्या देहूला आणि ज्ञानोबांच्या आळंदीला जाणारी इंद्रायणी वारकऱ्याने ओंजळीत घेऊ नये अशी झाली, याचे दुःख ज्याला होत नाही त्याने विकासाविषयी बोलू नये. शहराच्या नवनगर विकास प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. आणि २०१३ साली जकात बंद झाली. ज्या उत्पन्नावर शहर उभे राहिले होते, ते एका निर्णयाने गेले, आणि पुढे वस्तू व सेवा कर आल्यावर पालिकेला सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसावे लागले. कारखान्यामुळे येणारा पैसा कायमचा नसतो. तो येतो तेव्हा त्याचे पाण्याच्या टाक्या, शाळा, मैलाशुद्धीकरण केंद्र यांत रूपांतर करावे लागते. कमानी आणि स्वागतफलक यांत तो गेला तर कमानी तेवढ्या उरतात.

वाडीकडे परत येऊ. स्वातंत्र्याच्या आसपास किर्लोस्करांचा पसारा हरिहर, बंगळूर, पुणे असा पसरला. मोठे कारखाने बाहेर उभे राहिले, मासिकेही पुढे पुण्याला गेली. अशा वेळी मूळ वस्ती ओस पडते, तसे किर्लोस्करवाडीचे झाले नाही. पंपांचा कारखाना तिथेच राहिला आणि आजही चालू आहे. सरदार सरोवराचे पाणी सौराष्ट्राकडे उचलून नेणाऱ्या प्रचंड पंपांमागे हीच कंपनी होती. २०१८ साली थायलंडच्या गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यात अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात या कंपनीचे तंत्रज्ञ मदतीला गेले, आणि विमानाने पाठवायचे पंप किर्लोस्करवाडीत तयार ठेवले होते. वाडी टिकली, कारण नांगरावरच ती थांबली नाही. नांगर, चरक, पंप असे हात बदलत गेले आणि दरवेळी नवी पिढी ते काम शिकत गेली.

आणि बेळगाव? बेळगाव बुडाले नाही, हेही सांगायला हवे. आज तिथे ओतकामाचे आणि हायड्रॉलिक्सचे कितीतरी कारखाने आहेत. शहराने पुढे स्वतःची उद्यमशीलता दाखवली. पण १९१० साली जी माणसे तिथून कुंडलरोडला गेली, ती परत आली नाहीत. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी जे घडवले ते दुसऱ्या मुलखात घडवले. बाळासाहेबांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. औंधचा कारभार गेला, राजाची मुद्रा गेली. पूर्वी कुंडलरोड म्हणून ओळखले जाणारे स्टेशन मात्र आज किर्लोस्करवाडी आहे.

वाचक हो, तुमच्या तालुक्यात उद्या एखादा मोठा उद्योग येणार असेल तर तो येऊ द्या. विरोधासाठी विरोध करू नका, आणि पुढाऱ्याने नारळ फोडला म्हणून आंधळेपणाने टाळ्याही वाजवू नका. ग्रामसभेला किंवा नगरपालिकेच्या सभेला स्वतः जा. जमीन कुणाची जाते आणि त्याला काय मिळणार, ते विचारा. आमच्या पोरांना तिथे झाडूवाला आणि पहारेकरी याखेरीज काही होता येईल का, आणि त्यासाठी शिकवणार कोण, हेही विचारा. कारखान्याचे सांडपाणी कुठल्या ओढ्यात जाणार, मिळणारा कर कशावर खर्च होणार, हे आत्ताच ठरवायला लावा. आणि उत्तरे नुसती ऐकून घेऊ नका. सभेच्या इतिवृत्तात ती नोंदवली गेली आहेत, हे पाहिल्याशिवाय उठू नका.